डेलिया आणि स्वच्छ बॅकग्राउंड

१२ तारीख, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून फ्लॉवर फोटोग्राफी सिरियसली. रविवारच्या पुष्पप्रदर्शनात यंदा फोटोंचाही विभाग आहे. मॉडेल घरातच: गॅलरीतला बायकोचा डेलिया. ती तो त्याच प्रदर्शनासाठी वाढवतेय. तीन वर्षं दुसरा नंबर. यंदा पहिला आणायचाच म्हणून कुंडीशी गप्पा मारते. माझ्याशी एवढं बोलत नाही. फोटो खुशाल काढा, पण फुलाला हात लावायचा नाही, असं बजावलंय. कलाकाराला अटी!
निश्चय: रोज फक्त कोवळ्या उन्हात शूटिंग.

१३, मंगळवार. सकाळी ११.४०
कोवळं ऊन हुकलं. गजर वाजला होता म्हणे. भर उन्हात साठ फोटो. फूल गुलाबी, फोटोत पांढरंफटक. मुलीने विचारलं, हा कोबी कुणाचा? तिला लायटिंगमधलं ओ की ठो कळत नाही.

१४, बुधवार
फूल फ्रेमच्या मधोमध नको, एक तृतीयांशावर हवं, असं यूट्यूबवरचा व्हिडिओवाला सांगतो. तसं केलं. फूल कडेला गेलं आणि मधोमध दोरीवरचं माझं बनियन आलं. फोकस मात्र कडक, बनियनचं भोक न् भोक दिसतंय. बायको म्हणाली, दोन पावलं डावीकडे सरका की. सूचना अगदीच बाळबोध. ती ऑफिसला गेल्यावर सहज सरकून पाहिलं. बरा आला, पण तो योगायोग.

१५, गुरुवार. दुपारी
बायको ट्रेनिंगला गेली. शनिवारी रात्री येईल. डेलियाला पाणी कसं घालायचं याच्या सतरा सूचना देऊन गेली. आपण काय कुक्कुलं बाळ आहोत?
थर्माकोलने सावलीच्या बाजूला उजेड परतवायचा असतो. मुलीला धरायला लावलं. पाच मिनिटांत तिला अभ्यास आठवला. एरवी आठवत नाही. मग वाऱ्याने थर्माकोल उडाला तो थेट खालच्या काकूंच्या डोक्यावर. काकू सुखरूप आहेत. आवाज तर ठणठणीत आहे.

१६, शुक्रवार. सकाळी ७.०५
उठलो!! गॅलरीच्या गजांना पांढरी चादर बांधली. ऊन कसं मऊ झालं. पण फुलामागे पानांची नुसती गिचमीड. व्हिडिओवाला म्हणतो, फ्रेममध्ये नको ते निर्दयपणे काढा. काढलं. देठावरची सगळी पानं, कात्रीने. फुलाला बोटही लावलेलं नाही. पानांबद्दल अट नव्हतीच. फोटो असला भारी आलाय की यंव रे यंव! मुलीने विचारलं, आईला विचारलंत का? म्हटलं, आईला सरप्राइज.

१७, शनिवार
फोटो थेट उद्याच नेऊन देणार. घाईत कला होत नाही. दिवसभर झोपलो.

१८, रविवार. सकाळी ६.३०
बायको फूल कापायला गॅलरीत गेली आणि कात्री हातात धरून नुसती बघत उभी राहिली. भारावली असावी. मी फोटो दाखवला. तिने तो मोबाइलवर पाठवायला सांगितला. माझा फोटो कुणी मागून घ्यायची ही पहिलीच वेळ.

रविवार. संध्याकाळी ५
डेलिया बाद.
देठावर निदान दोन पानं हवीत असा नियम आहे म्हणे. परीक्षक बाई हळहळल्या. असं भरदार फूल यंदा दुसरं नाही, पानं असती तर पहिला नंबर याचाच होता म्हणाल्या. पानांचं काय झालं विचारलं, तर बायको म्हणाली, कीड लागली होती. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
फोटो विभागाची मुदत दहा तारखेलाच संपली होती. म्हणजे मी सुरुवात करायच्या दोन दिवस आधी. नियमावली वाचायची राहिलीच.
तरीही माझा फोटो लागलाय. प्रदर्शनाच्या दारातच, नियमांच्या फळ्यावर, भला मोठा. खाली लिहिलंय: ‘अशी नोंद बाद होईल’. बायकोने दिला. सेक्रेटरी खूश आहेत. बॅकग्राउंड इतकं स्वच्छ की पानं नाहीत हे लांबूनही कळतं म्हणाले.
परत येताना बसमध्ये ती फूल मांडीवर घेऊन बसली होती. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. चुकलं माझं, म्हणालो. ती शांतपणे म्हणाली, पुढच्या वर्षी डेलिया बहिणीच्या गॅलरीत लावणार आहे.
मी विचारलं, तिथे सकाळचं ऊन कुठल्या बाजूने येतं?
ती पुढच्याच स्टॉपला उतरली. घर अजून चार स्टॉप लांब होतं.