ऐकणाऱ्याने फक्त विचारायचं

चि. धाकटीस आशीर्वाद.

शाळेतल्या बाईंनी तुझ्या लेकीचा 'माझी आई' निबंध सुधारायला परत दिला. घरी कुणाला तरी वाचून दाखवायचा, ऐकणाऱ्याने फक्त प्रश्न विचारायचे आणि उत्तरं निबंधात घालायची. तू तिकडे लांब नोकरीला, घरात मीच, चौथी शिकलेला.

तिनं वाचलं, "आई माझ्यावर खूप माया करते."

मी विचारलं, "कशावरून?"

पोरीनं लिहिलं, "असं आजोबा सांगतात."

मी म्हटलं, "खोड ते!"

"आजोबा, तुम्ही फक्त विचारायचं!"

उद्या ती हे वर्गात वाचणार. तुला कळवावं तर तू रडशील, म्हणून पत्र टाकवत नाही. पण थकलो गं. माझ्या एकट्याच्या शब्दावर ती किती दिवस विश्वास ठेवेल?

तुझे,
बाबा