तिसऱ्या ओळीपासून फिकट

सोमवार, ६

माझ्या हाताने केलेल्या वस्तू. एकही सोडत नाही.

छोटा लेथ, जुन्या शिलाई मशीनच्या मोटरवर चालणारा. निब ठोकून काढायचा पितळी ठोकळा. प्रत्येक भोक वेगळ्या मापाचं आणि प्रत्येक भोक मी पाडलेलं. सायकलच्या तारेचा आकडा, कुजलेल्या रबराचे तुकडे नळीतून ओढायला. लाख वितळवायची दोन भांडी, चमच्याएवढी. शिंगाची चिमटी, कारण लोखंडी चिमटी सोन्यावर ओरखडे पाडते. एबोनाइटच्या जिभा—निबच्या पोटाशी बसून शाई पुढे आणतात त्या—किती केल्या ते मोजलं नाही. दुकानाचं टेबल. टेबलाचा खण. खणाची किल्लीसुद्धा.

आज हे का लिहितोय? कारण सकाळी पेन घेऊन आलेल्या गृहस्थांनी विचारलं, "हे काम कुणाकडे शिकलात?" म्हटलं, कुणाकडेच नाही. तर म्हणाले, "अस्सं." त्या "अस्सं"ला काय उत्तर द्यावं ते तेव्हा सुचलं नाही. वरची यादी हे उत्तर!

गृहस्थ जुनी पेनं जमवतात. घरी अख्खी ट्रंक भरली आहे म्हणे, सगळी मुकी. आधी एक देऊन बघतात. हे नीट झालं तर ट्रंक माझ्याकडे दुरुस्तीला. इतकी वर्षं या पेठेत बसून मी कशाची वाट बघत होतो, तर ह्याचीच. १९ तारखेला न्यायला येणार.

मग पेन हातात घेतलं. काळं एबोनाइट, पातळ सोन्याची निब. बनवणारा कारखाना माझ्या जन्माआधी बंद पडला. निब तडकली तर दुसरी कुठून आणायची? कुठूनही नाही. तक्रार अशी की शाई उतरत नाही. दोन ओळी बऱ्या, मग रेघ फिकट, मग नुसतंच खरडणं.

घरी हिला ट्रंकेचं सांगितलं. "मग चांगलंच की! तोंड असं का?"

मंगळवार, ७

उघडलं. गरम पाणी लावलं नाही. एबोनाइटला गरम पाणी लागलं की शेवाळी पडतं आणि पुन्हा काळं होत नाही, हे मी एक पेन नासवून शिकलोय. गार पाणी, अमोनियाचे दोन थेंब, आणि धीर. जीभ सुटली. तिच्या खाचेत शाई वाळून कोळसा झालेला. आतली शाई साठवायची रबरी पिशवी बोट लावताच चुरा. दोष सापडला!

शेजारच्या गाळ्यातला घड्याळजी डोकावून गेला. "काय वैद्यबुवा, पेशंट वाचतोय का?"

"तुझ्या पेशंटांसारखा नाही. हा वेळेवर चालेल."

हसलो खरा. पण निब पुसताना श्वास धरून होतो.

बुधवार, ८

खाच साफ. नवी पिशवी लाख लावून बसवली. ही ओळ त्याच पेनाने. दुरुस्त केलेलं प्रत्येक पेन मी आधी या रोजनिशीत चालवतो, मगच परत देतो. माझा हात हाच माझा शेवटचा काटा. पहिली ओळ झकास होती. दुसरीही बरी. आता ही तिसरी आणि रेघ फिकी पडतेय—आत्ता, लिहितानाच! "फिकी"तला "फि" नुसता उमटला, "की" आली नाही. गिरवली तेव्हा आली.

गुरुवार, ९

निबच्या दोन पात्यांमधल्या चिरेतून पितळेचा पातळ पत्रा फिरवला. धाग्याएवढी घाण निघाली. म्हटलं, चोर सापडला. तिसऱ्या ओळीला पुन्हा तेच.

जीभ परत काढली, परत घासली, परत बसवली. निब जितक्या वेळा काढाल तितकी तिची उमर कमी होते. मला माहीत आहे. तरी काढली.

शुक्रवार, १०

पाती अंगठ्याच्या नखांनी किंचित फाकवली. सोनं आधी काही बोलत नाही, तुटतं तेव्हाच बोलतं. कानाशी धरून बसलो होतो वेड्यासारखा.

मध्येच शाळेतल्या बाई आल्या. नवंकोरं पेन, तक्रार तीच, मधेमधे उमटत नाही. मी नेहमीसारखा पेनाच्या पाठीवर कागदाचा छोटा झेंडा डिंकाने उभा केला आणि म्हटलं, लिहा. चार शब्दांत झेंडा आडवा. म्हणजे पेन बोटांत वळतं, निब एका कुशीवर पडते, चीर कागदाला टेकतच नाही. मग शाई येणार कुठून? म्हटलं, "दोष पेनात नाही बाई. पकडीत आहे."

"तुमचं बोलणं औषधासारखं आहे," बाई म्हणाल्या. "गुण येतो, पण तोंड कडू होतं."

घड्याळजी पलीकडून मोठ्याने हसला. मलाही जरा बरं वाटलं. दुकान बंद करेपर्यंत टिकलं ते.

शनिवार, ११

आज वेगळीच भीती.

त्या पेनाला जरा विश्रांती द्यावी म्हणून माझं स्वतःचं घेतलं. लग्नाच्या वर्षापासून वापरतोय, एक दिवस दगा दिला नाही. त्याचीही तिसरी ओळ फिकी!

म्हणजे शाई वाईट. नक्कीच. नवी बाटली आहे, पाणचट वाटलीच होती. ओतून दिली. जुनी काढली. जुनीनेही तेच. मग कागद—ही वही गुळगुळीत आहे जरा जास्तच. बिलाच्या पाठीवर लिहून बघितलं. तिथेही तेच. बघायला नको होतं.

सकाळी शर्टाच्या बाहीचं बटण लागेना. हिला म्हटलं, काज कुणी शिवून लहान केलंय का? तिने लावून दिलं.

रविवार, १२

तिसरी ओळ. पुन्हा.

सोमवार, १३

चीर आणखी उघडली. आता दिव्यासमोर धरली की पात्यांमधून उजेड दिसतो. दुसऱ्या कुणाचं काम असं आलं असतं तर मी म्हटलं असतं, कुणा गाढवाने केलंय हे? पण करू काय! इतकं उघडूनही माझ्या हातात ते जेमतेम लिहितं.

दुपारी चिमटीतून जीभ निसटली आणि टेबलाखाली गेली. गुडघ्यांवर बसून शोधली. सापडली, शाबूत होती. पण उठवेना लगेच. तिथेच बसून राहिलो, खणाच्या खाली, घामाने निथळत. घड्याळजीला वाटलं मी गेलो. "अरे, जिवंत आहेस का?"

"आहे."

"मग आवाज का असा?"

हात कापत नाही. पुन्हा पुन्हा धरून बघितला. कापला असता तर कळलं तरी असतं काय ते.

मंगळवार, १४

आता सगळं क्रमाने लिहितो. चुकवायचं नाही.

सकाळी घरी होतो, पेन समोर. पार्सलवाला आला. सही हवी होती. हिने हाताला लागलं ते पेन उचललं—तेच! मी "अगं अगं" म्हणेपर्यंत टेकवलंसुद्धा. आणि कागदावर भळाभळा शाई. सही नाहीच, नुसतं तळं. पार्सलवाल्याच्या बाहीवर थेंब.

"काकू, नवा शर्ट आहे हो!"

"अहो, हे पेन आहे की नळ?" ही माझ्यावर ओरडली. "असं देणार त्यांना?"

पार्सलवाला पुटपुटत गेला. ती हात धुवायला गेली. मी त्या तळ्याकडे बघत बसलो. माझ्या हातात कोरडं आणि तिच्या हातात पूर? एकच पेन, एकच शाई, मध्ये पाच मिनिटंही गेली नाहीत.

मला कळलं होतं. खरं म्हणजे शनिवारीच कळलं होतं, पण कळलेलं मी बाजूला सरकवत होतो, घाण सरकवावी तसं.

डिंक घेतला. कागदाचा झेंडा कापला. पेनाच्या पाठीवर ताठ उभा केला. लिहायला लागलो—माझा पत्ता, काहीतरी लिहायचं म्हणून. पहिल्या ओळीत झेंडा ताठ. दुसरीत जरा कलला. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर आडवा. मी वळवलं नव्हतं! अंगठा धरून आहे असं मला वाटत होतं, आणि अंगठा केव्हाच सुटला होता. मला न विचारता. पुन्हा केलं. पुन्हा तिथेच आडवा. पुन्हा.

म्हणजे बुधवारीच पेन बरं झालं होतं. पहिल्याच दिवशी! त्यानंतर मी जे जे उघडलं, फाकवलं, घासलं, ते सगळं एका चांगल्या निबवर. माझ्या बिघडलेल्या हाताच्या मापाने दुसऱ्याचं पेन बिघडवलं.

ही दारात उभी होती. झेंड्याकडे बघत होती. त्या झेंड्याची गोष्ट मीच तिला शंभरदा ऐकवली आहे, गिऱ्हाइकांच्या नकला करून.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"पेन आलं तेव्हापासून."

"बटणं मी महिनाभर बघतेय," ती म्हणाली.

बुधवार, १५

उघडलेली पाती परत मिटवायची म्हणजे एक पातं दुसऱ्याखाली सरकवून क्षणभर दाबायचं, मग सोडायचं. केसभर जास्त झालं की तडा. हे काम दोन अंगठ्यांचं. आणि माझ्याकडे एकच.

डाव्याने दाबलं. उजव्याने नुसतं धरलं. तिला सांगितलं, पेनाला खालून आधार दे. तिचे हात थंड पडले होते. "माझ्याकडून तुटलं तर?" म्हणाली. म्हटलं, तुझ्याकडून नाही तुटणार, तुटलं तर माझ्याकडून. एकदा दाबलं—काही नाही. दुसऱ्यांदा बारीक टक् आवाज झाला. भिंग लावून बघवेना. तिला म्हटलं, तू बघ. ती भिंग उलटं धरून बघत होती!

शेवटी मीच बघितलं. तडा नव्हता. आवाज माझ्या नखाचा.

मग तिला म्हटलं, लिही.

"काय लिहू?"

"काहीही. थांबू नकोस, रेघ बघायची आहे."

तिने पान भरून लिहिलं. मी भिंगातून रेघ बघत होतो, अक्षरं नाही. कडा स्वच्छ, शाई बेताची, तिसऱ्या ओळीलाही तशीच, दहाव्या ओळीलाही. नीट झालं होतं! मग भिंग काढलं आणि वाचलं. पानभर एकच ओळ होती. "अहो, डॉक्टरकडे कधी जायचं?"

शुक्रवार, १७

डॉक्टरांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर आपटायला लावली, टाळ्या वाजवाव्यात तशी, जलद. डावी चालली. उजवी आधी चालली, मग लहान लहान होत गेली, मग थबकली. मला वाटतं तिसऱ्या ओळीचीच वेळ असावी.

चालायला लावलं. कोपर धरून हात हलवून बघितला. कंपवात असू शकतो, हात न कापताही, म्हणाले, आणि आणखी तपासण्या लिहून दिल्या. औषधाने बराच काळ चांगला जातो, म्हणाले. बराच म्हणजे किती, ते मी विचारलं नाही. हिने विचारलं. त्यांनी गोलमोल उत्तर दिलं.

"काम काय करता?"

"शाईची पेनं दुरुस्त करतो."

"अरे वा! अजून वापरतात लोक?"

येताना ही जिना उतरेपर्यंत माझा दंड धरून होती. मी म्हटलं, पायांना काही झालेलं नाही. "माहीत आहे," म्हणाली आणि सोडला नाही.

शनिवार, १८

पेन्सिलने लिहितोय. पेन्सिलला कूस नसते. अक्षर बारीक येतंय, पण येतंय.

पेन पुसून डबीत ठेवलं. उद्या गृहस्थ घरीच न्यायला येतील. मी सकाळपासून दाराच्या आवाजाला दचकतोय, जणू चोरी केली आहे.

ही म्हणते, "घाबरता कशाला? पेन तर झालं ना? तुम्ही करा, मी लिहून बघत जाईन. ट्रंक येऊ दे." तिने मनापासून म्हटलं. दिवसभर मी त्याच्यावरच विचार केला. लिहून ती बघेल. पण निब कुणाच्या अंगठ्याखालून जाणार? तो अंगठा सुटतो तेव्हा मला कळत नाही. कळलं असतं तर मी ट्रंकच काय, गाडाभर पेनं घेतली असती.

रविवार, १९

आले. उभ्या उभ्या तीन सह्या केल्या, मग बसून चौथी. या वेळी "अस्सं" नाही. "वा!" म्हणाले, आणि गाडीतून ट्रंकच उतरवून आणली. मी नको म्हटलं. "का? पैसे कमी वाटतात का?" म्हटलं, नाही, दोष पेनात नाही. त्यांना कळलं नाही. ही आत गेली. ट्रंक परत गाडीत चढवताना मी एक कडी धरली, डाव्या हाताने. अठ्ठेचाळीस पेनं, सवडीने करायची, निम्मे आगाऊ—एकूण दोन लाख चाळीस हजारांचं काम होतं.