तिसरं बीपी खरं

३ फेब्रुवारी
आमच्या भैरवगढच्या कापड-छापखान्याचे मालक शैलेंद्रभैया म्हणाले, दुबईच्या प्रदर्शनात कापडावर ठप्पे मारून दाखवायला एक कारागीर पाठवायचाय. माझ्याशिवाय कोण? सोबतच्या चिन्मयचा ठप्पा वाकडा पडतो. फक्त डॉक्टरचं फिटनेस लागेल. किरकोळ. रावेरहून आल्यापासून साधा ताप नाही मला.

६ फेब्रुवारी
घरमालकीण अक्कांकडे बीपीचं मशीन आहे. सहज लावलं. १५४/१००. अक्का म्हणाल्या, अरे बाबा, एकशेवीस-ऐंशीच्या आत पाहिजे, एकशेचाळीस-नव्वदच्या वर रोज येत असेल तर डॉक्टर गाठ. म्हटलं, ते खुर्चीवर बसणाऱ्यांचं. मी दिवसभर ठोकतो, अंगात जोर असणारच.

७ फेब्रुवारी, सकाळ
अक्कांचे नियम: आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प, हात छातीच्या उंचीवर. सगळं पाळलं. तंबाखू चिमूटभरच. १५०/९८. परत १४६/९६. तिसऱ्यांदा १३८/८८. हेच खरं. ठप्पासुद्धा पहिले दोन चिंधीवरच मारतो, तिसरा पडद्याच्या कापडावर. अक्का म्हणाल्या, तू काय पडदा आहेस का?

१२ फेब्रुवारी
मीठ कमी. शेव बंद. पोह्यांवर घालूनच देतात ती वेगळी, ती कोण वेचत बसणार. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, म्हणजे बीपी नाही. अक्का म्हणतात, ते सांगून येत नाही. मग घाबरायचं कशाला?

१७ फेब्रुवारी
माधव नगरच्या दवाखान्यात डॉक्टर मृण्मयी मॅडमकडे. १५६/१०२. म्हटलं, हे चिंधीवरचं समजा. हसल्या. दुसरं १५२/१००. तिसरं १५४/१००. त्यांचं मशीन जुनं असावं. गोळ्या दिल्या. म्हणाल्या, रोज सकाळी न चुकता घ्या, महिन्याने या, बीपी उतरलं की फिटनेस. गोळी एकदा लागली की सुटत नाही. मी मनाने उतरवीन.

१८ मार्च
मनाने १५८/१०४. मॅडमनी विचारलं, गोळ्या? म्हटलं, आहेत, सांभाळून ठेवल्यात. फिटनेस नाही. भैयांनी चिन्मयला पाठवलं तपासायला. १२२/७८.

१९ मार्च
चिन्मयला विचारलं, तुझं इतकं छान कसं? म्हणाला, भिया, मलापण बीपी आहे, दोन वर्षांपासून रोज गोळी घेतो. सांगितलं का नाहीस म्हटलं, तर म्हणे, तू विचारलंस कधी?

२२ मार्च
चिन्मय गेला. दुबईसाठी घेतलेली माझी नवी बॅग त्यालाच दिली, इथे पडूनच राहिली असती. मीच मन मोठं केलं म्हणायचं.
उद्यापासून गोळी. आज घरभर शोधली. बहुतेक बॅगेच्या खिशात राहिली.