पुलाखालच्या बाजाराचा नववा नियम

बाबा, हे मी तुम्हाला पंचायतीच्या उरलेल्या फॉर्मांच्या पाठीवर लिहितेय. सरकारी कागद घरी वापरलेला तुम्हाला खपायचा नाही. फेरीबोटीवर एवढी वर्षं काढलीत, पण तिथली वीतभर सुतळीसुद्धा घरी आणली नाहीत. तरी लिहितेय, कारण हे फॉर्म मीच तयार केले आणि माझ्याच हट्टाने ते गरजेपेक्षा जास्त छापले गेले. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. मी आता पेडण्यातच, नदीकाठच्या एका पंचायतीत सचिव आहे, आपल्या घरापासून स्कूटरने पंधरा मिनिटांवर. गावात मला पाठीमागे शंकेखोर बाई म्हणतात. तोंडावर मॅडम म्हणतात, आणि कुणी जास्त गोडीने मॅडम म्हटलं की त्याचा अर्ज मी दोनदा वाचते.

असाच एक गोड अर्ज गेल्या वर्षी आला. पुलाखाली मोकळी जागा आहे ना, जिथे तुमच्या वेळी फेरीसाठी गाड्यांची रांग लागायची, तिथे दर रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरवायचा होता. शिसवी खुर्च्या, चिनी मातीच्या बरण्या, पोर्तुगीज काळातल्या फरश्या, कंदील, घड्याळं. अर्ज करणारी मंडळी बाहेरून येऊन इथे घरं घेतलेली, सभ्य, हसतमुख. ग्रामसभेत एक म्हातारे खुर्ची धरून उभे राहिले आणि म्हणाले, "आज मेज घालतले, फाल्यां माटव, परवां हॉटेल. मगे आमी खंय वचप?" सगळे हसले. मी हसले नाही, कारण आज टेबल, उद्या मांडव आणि शेवटी आपल्यालाच जागा नाही, हे माझ्याही मनात होतं. जमीन कुणाची यावरच दोन सभा गेल्या. नकाशा उलगडला तर अर्धी रस्त्याच्या खात्याची, बाकीची पंचायतीची, आणि एक कोपरा गावकारीचा, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांच्या सामाईक मालकीचा, ज्यात गावच्या राखणदार देवाचा दगड आहे. शेवटी नियम ठरले. दुकानं फक्त पूर्वेच्या बाजूला. राखणदाराच्या दगडापासून वीस पावलं सोडून. जमिनीत खांब पुरायचा नाही, कापड बांधायचं ते दिवस मावळायच्या आत सोडायचं. जाळी सुकवायला येणाऱ्यांची जागा अडवायची नाही. असे आठ नियम पंचांनी केले आणि नववा मी घातला. जुनी वस्तू कुठून आली हे विकणाऱ्याने लेखी द्यायचं, आणि देवळातली किंवा इगर्जीतली, म्हणजे चर्चमधली, वस्तू दिसली तर पंचायत ती ताब्यात घेईल. एक पंच म्हणाले, मॅडम, पोलिसांचं काम आपण कशाला अंगावर घेता? मी ऐकलं नाही. हा नियम मी कुणासाठी घातला हे त्यांना माहीत नव्हतं. तो मी तुमच्यासाठी घातला होता, बाबा.

आपल्या देवळातली ती पितळी प्रभावळ मला अजून डोळे मिटून काढता येईल. देवाच्या पाठीमागे कमानीसारखी उभी असायची, वर राक्षसाचं तोंड, दोन्ही बाजूंना मोर. डावीकडच्या मोराची मान कधीतरी चिरली होती आणि डिचोलीच्या तांबटाने तिथे तांब्याचं ठिगळ तीन रिबिटी मारून बसवलं होतं. चतुर्थीच्या आधी देवळातली भांडी घासायचं काम आपल्या वाड्याकडे होतं आणि चिंच लावून ते ठिगळ मी घासायचे, कारण माझी बोटं बारीक होती. पुढे ती चीर वाढत वर गेली. कुणीतरी चांदीची नवी प्रभावळ दिली. भंगलेली देवासमोर ठेवत नाहीत, म्हणून जुनी पाण्यात सोडायचं ठरलं. कोणी सोडायची यासाठी कौल लावला आणि तुमचं नाव आलं. त्या दिवशी आईने शेवयांची खीर केली होती.

सोडायची रीत आपल्याकडे सगळ्यांना पाठ. भल्या सकाळी एकट्याने जायचं, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून हातातून सोडायची, मागे वळून बघायचं नाही, आणि जागा कुणाला सांगायची नाही. तुम्ही पहाटे निघालात, गोणपाटात गुंडाळलेली प्रभावळ सायकलच्या कॅरियरला बांधून. मी आठवीत होते. उजाडल्यावर तुम्ही परत येता, मी स्वयंपाकघरात पावाला लोणी लावत बसलेली असते, आई पेज ढवळत असते. तुम्ही चुलीशी येऊन उभे राहता आणि माझी नजर तुमच्या धोतराकडे जाते. धोतर घोट्यापर्यंत कोरडं आहे. मी विचारते, खंय सोडली? तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवत नव्हतात, पण त्या दिवशी चढवलात. म्हणालात, "सोडल्ल्या वस्तूचो जागो सांगूचो नसता, बाय. परत विचारू नको." आई माझ्याकडे बघत राहिली. मी पाव खाल्ला, पण माझं लक्ष धोतरावरून हललं नाही.

त्यानंतर आठ दिवसांनी तुम्ही माझ्यासाठी सायकल आणलीत. हायस्कूल लांब होतं, उतारावरून चालत गेलं की माझा पाय मुरगळायचा, म्हणून. सायकल नवी नव्हती. साखळीच्या झाकणावर दुसऱ्याच कुणाचं तरी नाव खिळ्याने कोरलेलं होतं, ते तुम्ही रंग लावून बुजवलं होतंत. दुसरी कुणी मुलगी असती तर तिला एवढंच दिसलं असतं की बापाने जुनी सायकल घासूनपुसून आणलीय. मला कोरडं धोतर आणि सायकल एकाच ओळीत दिसली. त्याच महिन्यात देवळाच्या कमिटीपर्यंत गोष्ट गेली की प्रभावळ सोडायला गेलेला माणूस कोरडाच परत आला. तुम्हाला बोलावलं. तुम्ही म्हणालात, सोडली. कुठे, म्हणाले. तुम्ही गप्प. भिजला कसा नाहीत, म्हणाले. तरीही गप्प. कुणी तुम्हाला चोर म्हटलं नाही, आपल्याकडे असं तोंडावर कुणी म्हणत नाही. फक्त पुढच्या जत्रेला पालखीच्या खांद्याला तुमच्या जागी दुसरा माणूस उभा होता आणि तुम्हाला कुणीतरी छत्री धरायला दिली. तुम्ही ती धरलीत. त्याच्या पुढच्या वर्षी तीही नाही. मी सायकल भिंतीला लावून ठेवली आणि चालत शाळेत जाऊ लागले. तुम्ही कारण विचारलं नाहीत. टायरमध्ये हवा मात्र भरत राहिलात, दर रविवारी, वर्षभर तरी.

तर आता बाजार. पहिल्या तीन रविवारी मी स्वतः फिरले, हातात फॉर्मांचा गठ्ठा घेऊन. घड्याळवाल्याने लिहिलं, वडिलोपार्जित. मी विचारलं, तुमच्या वडिलांकडे एकोणतीस घड्याळं होती? तो गोरामोरा झाला. खुर्च्यावाल्याच्या सगळ्या फॉर्मांवर, मूळ मालकांच्या सह्यांसकट, एकाच हाताचं अक्षर होतं, ते मी परत भरून घेतले. खरं सांगायचं तर मला मजा येत होती. चौथ्या रविवारी अगदी कडेला, नदीच्या बाजूला, एक बाई प्लास्टिकची ताडपत्री अंथरून बसलेली दिसली. सिंधुदुर्गातली, नवऱ्याबरोबर रेतीच्या कामाला आलेली. नवरा नदीत बुडी मारून बादलीने रेती काढायचा. आता ते काम बंद, त्याचे कान गेलेले, आणि इतक्या वर्षांत रेतीबरोबर वर आलेल्या वस्तू ती विकायला घेऊन बसली होती. काचेच्या बाटल्या, होडीचा गंजलेला नांगर, फुटक्या चिनी बशा. आणि ताडपत्रीच्या टोकाला, उताणी, हिरवी पडलेली, आपली प्रभावळ.

मी फॉर्म मागितला. 'कुठून आली' या रकान्यात तिच्या मुलाच्या अक्षरात लिहिलं होतं, नदी. माझा आवाज चढला. म्हटलं, ही देवळातली वस्तू आहे, ही मी जप्त करतेय, कुणाकडून घेतली ते सांगा. मला वाटलं आता ती एक नाव सांगेल, तुम्ही ज्याला विकलीत त्याचं, आणि मला ते ऐकायचंही होतं. चाळीस वर्षं मी त्या नावाची वाट बघत होते. ती बाई घाबरली नाही. म्हणाली, "चोरयेची नाय गे बाय. माझ्या घोवाक रेतीत गावली. पाठसून बघ, कालवां धरली हत."

मी ती उलटी केली. मोरांच्या पाठीत, नक्षीच्या प्रत्येक खोलगट जागेत कालवं, ती खाडीतल्या खडकांना चिकटणारी शिंपली, घट्ट बसलेली होती, थरावर थर, मेलेल्यांवर जिवंत वाढलेली. बोटाने काढायला गेले तर नख तुटलं. एवढी कालवं कुणाच्या माळ्यावर किंवा दुकानात धरत नाहीत. डाव्या मोराच्या मानेवर ठिगळ होतं, रिबिटी तीन. मी विचारलं, नदीत कुठे? तिने हात लांब करून दाखवलं, काठाकडे नाही, पार मधोमध, जिथून फेरी जायची त्या सरळ रेषेत. बाबा, तेव्हा मला कळलं. पहाटेची पहिली फेरी आपल्या काठच्या चोपड्याहून रिकामी निघायची. तुम्हाला नदी ठाऊक होती. ओहोटीला काठचा चिखल उघडा पडतो आणि कमरेएवढ्या पाण्यात सोडलेली वस्तू दुपारपर्यंत कुणाच्याही हाती लागते, हे तुम्हाला गावातल्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. म्हणून तुम्ही ती फेरीवरून सगळ्यात खोल जागी सोडलीत. आणि रीत मोडून, न भिजता सोडली, हे तुम्हाला सांगता येईना. ते सांगितलं असतं तर जागाच सांगितल्यासारखी झाली असती. मी त्या ताडपत्रीवरच बसले आणि रडले. त्या बाईने मला पाणी दिलं आणि शेजारच्या घड्याळवाल्याला उगीच दटावलं, काय बघतस म्हणून.

माझ्याच नियमाप्रमाणे ती वस्तू ताब्यात घ्यायला हवी होती, घेतली. पण त्या बाईला घेऊनच देवळात गेले, तिच्यावर कुणी बोट ठेवू नये म्हणून. कमिटीचे आताचे अध्यक्ष तुमच्याहून दहाएक वर्षांनी लहान, तुमच्या जागी पालखीला उभे राहिले होते तेच. त्यांनी चष्मा लावला, कालवांवरून हात फिरवला. मग म्हणाले, "म्हणजे तुज्या बापायन सोडल्लीच ती." डोळे पुसले त्यांनी. आता ती परत तुमच्याच जागी सोडायचं ठरलंय, होडीतून, आणि सोडायला मी जावं असं त्यांचं म्हणणं. त्या बाईलाही बरोबर यायला सांगितलंय. मी पायरी उतरत होते तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "मगे कपडे सुके आसले म्हण तेन्ना सांगलें कोणें?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच म्हणाले की आपल्या शेजारची मामीच असणार, तिचा डोळा सगळ्यांच्या दोरीवरच्या कपड्यांवर असायचा. मामी अजून आहे, बाबा. ऐंशीची झाली, मला अजून फणसाची सांदणं पाठवते. मी म्हटलं, कोण जाणे, आणि स्कूटर चालू केली.

तुम्हाला माहीत होतं का? हवा भरताना तुम्ही कधी वर बघत नव्हतात, त्यावरून मला अजून शंका येते की माहीत होतं. हा कागद मी कुठे पाठवणार? फॉर्म उलटा केला की पुढे छापलेलंच आहे, वस्तू कुठून आली ते खरे लिहावे, खाली सही करावी. म्हणून लिहिते. शेजारच्या मामीने काही सांगितलं नव्हतं. देवळाच्या अंगणात कमिटीची माणसं बसली होती, मी सायकल घेऊन तिथून जात होते, मला कुणी काही विचारलंही नव्हतं. मी थांबले आणि म्हणाले, आमचे बाबा त्या दिवशी भिजून आले नव्हते.