आधी आपण बोला

मंगळवार, संध्याकाळ

गप्प बसायला कात्रजहून दोन बस बदलून परीक्षेला कशाला जायचं? माझी नात सई, जर्मन लेखी परीक्षेत पास, तोंडीत नापास. म्हणून तिकडच्या विद्यापीठात प्रवेश अडला. आज खरं कळलं. तोंडी परीक्षा जोडीने असते. जोडीदार वयाने मोठा, म्हणून ही त्याला म्हणे, "आधी आपण बोला." तो कसला थांबतोय! मोठ्यांच्या मध्ये बोलू नये, हे शिकवलं कुणी? मीच. चौथी शिकलेल्या बाईचं एवढं ऐकतात?

आज सरावाला जोडीदार मी झाले. मराठीत बडबडत सुटले. तिसऱ्यांदा तिने जर्मनमध्ये मला असं अडवलं, की मी गप्पच झाले. आता होणार ही पास. जोडीदार कितीही पिकलेला असो, उद्याच्या फेरपरीक्षेत पहिलं उत्तर सईनेच द्यायचं.