आधी पाणी, मग बेसबॉल

प्रिय आप्पा,

जय भीम.

टूर्नामेंट आठवड्यावर आलीय. आज ग्राउंडवर चुन्याची फक्की मारून झाली, साखरेच्या पोत्यांत वाळू भरून बेस तयार झाले, आणि "आप्पा, बघा बरं, लाइन सरळ आलीय का?" म्हणत मी मागे वळले. मागे तुम्ही कुठले असणार! आपली पिचर प्रतीक्षा उभी होती. ती हळूच म्हणाली, "मॅडम, आप्पा न्हाईत आता." जसं काही मला माहीतच नाही!

पण खरं सांगू, सांगायला कुणी नाही. मोठ्या आईशी, तुमच्या कारभारणीशी, बोलायला जावं तर ती म्हणते, "मला काय सांगती? मी तिथंच हुते की." म्हणून तुम्हाला लिहायला बसले. गेल्या रविवारी आपल्या घरी तुमच्या टूर्नामेंटचा फैसला व्हायचा होता, आणि तुम्ही खुशाल भिंतीवर हार घालून बसला होतात.

आधी थोडं मागचं. तुम्ही ती गोष्ट स्वतःहून मला कधीच सांगितली नाहीत, बाबांनी सांगितली. तुम्ही विशीतले, दौंडला रेल्वेत नुकतेच फिटर म्हणून लागलेले, आणि बॉलिंग अशी की समोरच्याचे पाय थरथरावेत. नदीकडच्या मोठ्या गावाच्या क्रिकेट टीमने फायनलपुरतं तुम्हाला बोलावून नेलं. तुम्ही मॅच काढून दिलीत. खांद्यावर घेऊन नाचले म्हणे तुम्हाला! आणि जेवायच्या वेळी बाकीच्यांना पेले, तुम्हाला मात्र वरून पाणी ओततो म्हणाले, ओंजळ धर. तुम्ही ओंजळ धरली नाहीत. उन्हाचे तसेच तहानलेले चालत घरी आलात, आणि त्यानंतर क्रिकेटचा बॉल हातात घेतला नाहीत.

दुसरा कुणी असता तर खेळच सोडून बसला असता. तुम्ही मात्र दुसरा खेळ शोधलात! दौंडच्या रेल्वे ग्राउंडवर काही जण बेसबॉल खेळायचे, तो तुम्ही कुंपणाबाहेर उभे राहून शिकलात. लोक हसायचे. आपल्या वस्तीत हे काय नवीन खूळ? तुमचं उत्तर ठरलेलं असायचं, "अरे, ह्या खेळात हितं कुणाचाच बाप पाटील न्हाई. सगळेच पहिलीत. मग बघू कोण पास हुतंय."

आणि मग ते पुण्याच्या फुटपाथवरचं जाड इंग्रजी पुस्तक! अमेरिकेतल्या काळ्या खेळाडूंचं. गोऱ्यांच्या लीगमध्ये त्यांना घेत नव्हते तेव्हा त्यांनी स्वतःच्या टीम, स्वतःची लीग कशी उभी केली, ते सगळं त्यात होतं. डिक्शनरी मांडीवर घेऊन तुम्ही ते वाचायचात आणि विहाराच्या पायरीवर बसून आम्हाला सांगायचात. नावं जिभेवर बसेनात म्हणून तुम्ही त्यांची बारशीच केलीत. लांबलचक हातांनी बॉल टाकणारा तो पिचर म्हणजे 'लांबू'. मैदानाबाहेर चेंडू टोलावणारा कॅचर म्हणजे 'पैलवान'. ज्याने लीग काढली तो 'पाटील', आणि टीम चालवणारी ती खमकी बाई 'मालकीणबाई'. शाळेत जायच्या आधीपासून मला वाटायचं, ही सगळी आपल्याच नात्यातली माणसं आहेत आणि शिरूरच्या बाजाराला कधीतरी भेटतील.

हॉटेलात जागा नाही म्हणून ती माणसं बसमध्ये झोपायची, खानावळीत आत घेत नाहीत म्हणून बसमध्येच खायची, आणि दुसऱ्या दिवशी उतरून असं खेळायची की बघणाऱ्याने बोटं तोंडात घालावीत. हे सांगताना तुमचा आवाज कधी रडका झाला नाही. उलट ताठ व्हायचा. "कीव करू नका त्यांची," म्हणायचात, "त्यांच्यासारकं खेळा." आप्पा, आज मी शाळेत पीटी शिकवते, पण ह्यापेक्षा मोठा धडा मला अजून सापडलेला नाही.

एक तक्रार मात्र आहे, आज करूनच टाकते. मुलींना तुम्ही टीममध्ये घेतलंत म्हणून लोक तुमचे गोडवे गातात. पण खरं काय होतं? पोरं रांजणगावला कंपनीत लागली, शिफ्टमुळे कुणी वेळेवर येईना, टीम पुरी होईना, तेव्हा तुम्हाला आम्ही दिसलो! मी तोंडावर म्हणाले होते, "आप्पा, हे उपकार नाहीत, हा नाइलाज आहे." तुम्ही खो खो हसलात. "व्हय गं, तिकडंबी तसंच झालं," म्हणालात. तिकडचे चांगले गडी मोठ्या लीगमध्ये गेले, जागा रिकामी झाली, तेव्हा पुरुषांच्या टीममध्ये सेकंड बेसला एक बाई उभी राहिली. "नाइलाजानं मिळू दे नायतर नवसानं. जागा मिळाली का पाय रोवायचा." बॅटरच्या मागे बसून पिचरचा बॉल पकडणारी कॅचर मी झाले, ती त्या दिवसापासून.

आणि तुमची ती एन्ट्री फी! सगळीकडच्या टूर्नामेंटला पैसे भरावे लागतात. आपल्याकडे पैसे नाहीत, पण ग्राउंडच्या तोंडाशी लिंबाखाली मोठ्या आईने भरून ठेवलेला माठ. येणाऱ्या टीमने आपल्या वस्तीतलं पाणी आपल्या पेल्याने प्यायचं, मगच नाणेफेक. आधी पाणी, मग बेसबॉल. निमोण्याची पोरं आली, कवठ्याची आली, दौंडच्या रेल्वे कॉलनीतली आली. एप्रिलच्या उन्हात घटाघटा प्यायली आणि खेळली. पहिल्या वर्षी एक टीम माठाशी आली, एकमेकांकडे बघितलं आणि टेम्पोत बसून परत गेली. तुम्ही त्यांना हात करून म्हणालात, "पुढल्या वर्षी या, माठ हितंच हाय." ते पुढल्या वर्षी खरंच आले!

पण हल्ली नवीन पद्धत निघालीय, तुमच्याही लक्षात आली होती. आता कुणी नाही म्हणत नाही. हसून, हात जोडून सीलबंद बाटली दाखवतात. "पाणी हाय की आमच्याकडं, उगं तुमाला तरास कशाला?" बाटलीवाल्याशी भांडायचं तरी कसं? तुम्ही भांडला नाहीत. त्यांची बाटली कौतुकाने हातात घेतलीत, झाकण बघितलंत आणि म्हणालात, "लई भारी. ही जाताना प्या." काय माणूस होतात हो तुम्ही!

पेढ्यांचं तर मी शाळेत सगळ्यांना सांगते. मोबाइलवर बातमी आली, की त्या काळ्या लीगमधले आकडे आता मोठ्या लीगच्या आकड्यांत धरले आणि बॅटिंगच्या सरासरीत आपला पैलवान सगळ्यांच्या वर गेला. मी वाचून दाखवलं. तुम्ही चप्पल घातलीत, शिरूरला गेलात आणि पेढे घेऊन आलात. अख्ख्या वस्तीत वाटलेत. लोक विचारत होते, कुणाचं लग्न ठरलं? मोठ्या लीगचं दार काळ्यांसाठी उघडलं तेव्हा पैलवान नुकताच मातीआड गेला होता, हे सांगता सांगता मात्र तुमच्या डोळ्यांना धार लागली. त्या दिवशी मी तुम्हाला पहिल्यांदा रडताना पाहिलं.

आता रविवारचं सांगते.

मागच्या महिन्यात रणजित आला होता. त्याच मोठ्या गावच्या चेअरमनचा मुलगा. हे चेअरमन म्हणजे तुम्हाला फायनलला नेणाऱ्या टीमचे त्या वेळचे कॅप्टन. पोरगा गोड बोलणारा, खोटं कशाला सांगू, मनानेही चांगला. त्यांनी खेळांची अकॅडमी काढलीय. हिरवंगार ग्राउंड, लाइटचे खांब, बाहेरून आणलेलं किट. म्हणाला, "ताई, दोन टूर्नामेंट कशाला? एकच करू, आमच्या ग्राउंडवर. आप्पांचा मोठा फोटो लावू. तुमच्या पोरी आमच्या टीममधनं खेळतील. निवड करणारे साहेबलोक थेट तिथं यायचेत." जाता जाता म्हणाला, "फक्त ते माठाचं राहू द्या. आता कोण मानतंय असलं? आमच्याकडं जार असतो, फिल्टरचा."

आप्पा, मी डळमळले. प्रतीक्षाचा बॉल तुम्ही पाहिलाय. तिचे वडील दुसऱ्याच्या शेतावर जातात, आणि ती फाटक्या ग्लोव्हवर टाके घालून पिचिंग करते. तिला त्या लाइटखाली, साहेबांसमोर उभं करायचं नाही, तर मी मास्तरीण कसली? आणि उलट्या बाजूने तुमचं बोलणं डोक्यात घुमत होतं. मी तुम्हाला विचारलं होतं, गोऱ्यांनी काळ्या खेळाडूंना आत घेतलं हे चांगलंच झालं ना? तुम्ही म्हणालात, "दार उघडलं, चांगलंच झालं. पण एकेकाला हाताला धरून नेलं, आन् मागं घर वस पडलं. पाटलाची लीग मेली, मालकीणबाईची टीम गेली. त्यांना कुणी इचारलंबी न्हाई." एवढं बोललात, पण मग काय करायला हवं होतं ते काही सांगितलं नाहीत. हे एक कोडं माझ्या गळ्यात मारून गेलात! मला हवंय का ते, एकदा तरी विचारलंत?

शेवटी मी निरोप धाडला, बोलणी पक्की करायला आपल्या घरी या. रणजित आला, सोबत स्वतः चेअरमन. पोरी दारात उभ्या. मोठ्या आईने माठातलं पाणी आणलं. रणजितने फोनवर बोलता बोलता पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. त्याला तर कळलंही नसेल. चेअरमननी मात्र तळहात आडवा धरला. "माझं पथ्य हाय, वैनी. डॉक्टरनं कोमटच पाणी सांगितलंय."

मला वाटलं, संपलं. पथ्यापुढे कोण काय बोलणार?

मोठी आई आत गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला. जरा वेळाने बाहेर आली आणि वाफाळता पेला त्यांच्यापुढे ठेवला. "त्याच माठातलं हाय. कोमट करून आणलंय."

आप्पा, तुम्ही पाहायला हवं होतं! बाबांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

चेअरमन अकॅडमीबद्दल बोलत राहिले. तुमच्या बॉलिंगची आठवण काढली, असा बॉलर पंचक्रोशीत झाला नाही म्हणाले, आणि मला वाटतं तेवढं तरी मनापासून म्हणाले. पेला हातात घेतला, गुडघ्यावर टेकवला, इकडून तिकडे फिरवला. वाफ गेली. पाणी गार झालं. मग उठताना त्यांनी तो जसाच्या तसा खाली ठेवला.

"मग पक्कं ना, ताई?" रणजितने विचारलं.

मी म्हणाले, "दादा, तुमच्या आबांचा पेला भरलेलाच हाय."

त्याने खाली बघितलं. आता मात्र त्याला कळलं. त्याचा चेहरा पडला हो, मला वाईट वाटलं त्याचं. "ताई, आबा जुन्या वळणाचे हाईत, त्यांचं मनावर घेऊ नका."

"न्हाई घेत. पण टूर्नामेंट हितंच हुईल. तुमची टीम घेऊन या."

प्रतीक्षाकडे बघायची माझी हिंमत होईना. तिच्या तोंडचा घास मी काढला, असंच वाटत होतं. गाडी गेल्यावर तीच जवळ आली. "मॅडम, पुण्याला निवड असती ना, सगळ्यांसाठी? तिथंच जाऊ की. पर मी एकटी न्हाई जाणार. सगळ्या जाऊ." बाबांनी लगेच टेम्पोवाल्याला फोन लावला.

काल रणजितचा फोन आला. त्यांची टीम आपल्याकडे खेळायला येतेय. आबांना आवडलेलं नाही, पण तो येतोय. सगळं ठरल्यावर जरा घुटमळून त्याने विचारलं, "ताई, पाणी फक्त कॅप्टननं प्यायचं का सगळ्यांनी?"

मी म्हणाले, "सगळ्यांनी. राखीव खेळाडूंनीसुद्धा."

तो म्हणाला, "बरं. सांगतो पोरांना."

आप्पा, तुम्ही असतात तर ह्याहून चांगलं काही बोलला असतात, मला ठाऊक आहे. तुमच्यासारखं गोड बोलून समोरच्याला निरुत्तर करणं मला जमत नाही. माझा पारा चढतो, आवाज चढतो. पण एवढा शब्द देते. आपलं ग्राउंड चालू राहील, आणि आपल्या पोरी वरच्या मैदानांवरही जातील. त्यासाठी हे घर मोडावं लागणार नाही. कोडं तुम्ही अर्धवट टाकून गेलात, ते आम्ही खेळूनच सोडवू. पुण्याला पोरींचा टेम्पो निघेल तेव्हा मी पुढे ड्रायव्हरशेजारी नाही, मागे त्यांच्यात बसेन. आणि प्रतीक्षाचा बॉल पकडायला तिथे दुसऱ्या कुणाला उभं राहू देणार नाही.

तुमचीच, तुमच्यावर थोडी रागावलेली कॅचर,
सुजाता