तुझ्याच नावाची दुसरी

प्रिय घुमाबाई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून डोळे फिरवू नकोस. फोनवर तू ‘हं’, ‘बरं’ आणि ‘आईला देते’ यांच्या पुढे सरकत नाहीस. परवा तर तेवढंही झालं नाही. वहिनीनेच फोन घेतला, तू अंघोळीला गेलीस म्हणून सांगितलं, आणि मागून तुझं खोकणं मला स्पष्ट ऐकू आलं. असो. पत्राचं एक बरं असतं, ते मध्येच बंद करता येत नाही. फाडता येतं, पण तू फाडणाऱ्यातली नाहीस. आधी रागाने बाजूला ठेवशील, मग कुणी बघत नाही ना हे पाहून वाचशील. आत्या आहे मी तुझी, चांगली ओळखून आहे.

इथे ऑफिसात शुकशुकाट आहे. सत्र संपलं, सुट्टी लागली आणि लगेच भिंतींना रंग द्यायला घेतला. सगळी टेबलं खोलीच्या मधोमध ओढून ठेवलीत, कपाटांवर जुन्या चादरी टाकल्यात, आणि रंगारी शिडीवर उभा राहून रेडिओवरच्या गाण्यांना नावं ठेवतोय. अशात मला सहामाही पुस्तिका पुरी करायची आहे. मंडळाच्या सगळ्या शाळांनी पहिल्या सत्रात काय दिवे लावले ते लोकांना छापून सांगायचं असतं, आणि शिक्षणप्रमुख म्हणून खाली सही माझी. या वेळी खरंच लावलेत बरं का. बंदराजवळच्या शाळेच्या मुलींनी पोहण्यात सगळ्यांना पाणी पाजलं. तंत्रशाळेच्या पोरांनी केलेला यंत्रमानव उद्घाटनालाच अध्यक्षांच्या पायावर चढला, अध्यक्ष लंगडत भाषण करून गेले, आणि तरी पहिला नंबर त्यालाच मिळाला. टेकडीवरच्या शाळेत रोज एक तास सगळ्यांनी वाचायचं असा नियम केला, शिक्षकांनीसुद्धा. त्यातले दोघं झोपतात, तेव्हा मुलं बिचारी त्यांची झोप मोडू नये म्हणून मनातल्या मनात वाचतात. गैरहजेरी पुष्कळ कमी झाली. त्याचं श्रेय मी घेणारच होते, पण ते नव्या बसचं आहे.

हे सगळं लिहून झालं. बक्षिसाचं एक पान तेवढं कोरं आहे, तुझं. आणि त्यातच वहिनीने सांगितलं की सुट्टी संपली की तू गणित सोडून दुसरा विषय घेणार आहेस. नववीच्या मध्यावर विषय बदलता येतो, नियम आहे, मीच केलेला आहे. पण ज्या मुलीने एका सत्रात अकरा गुणांवरून चौसष्टावर उडी मारली तिने विषय सोडायचा? ऐकून माझा चहा गार झाला. दादाला म्हटलं, तू बाप आहेस की कोण, काही बोल तिला. तर दादा म्हणाला, जाऊ दे ना, तिला नको असेल. तुझ्या बाबांचं हे ‘जाऊ दे ना’ मी जन्मापासून ऐकत आलेय.

‘सर्वाधिक प्रगती’ हे बक्षीस माझं लाडकं आहे, हे तुला माहीत आहे. त्याच्यासाठी मी समितीशी भांडभांड भांडले होते. दरवर्षी त्याच त्या हुशार पोरांच्या गळ्यात पदकं घालून आपण कोणता तीर मारतो, असं मी त्यांना विचारलं होतं. नव्वदवाल्याला ब्याण्णव मिळाले याचं कौतुक, आणि तळातून वर आला त्याच्याकडे कुणी बघत नाही. दोन्ही आकडे मोठ्याने वाचून दाखवायचे ही कल्पनाही माझीच. लोकांना कळू दे की मूल केवढं अंतर चालून आलंय. या वर्षी निवड झालेल्यांचा कागद हातात आला तेव्हा त्यावर तुझं नाव पाहून मी दार लावून घेतलं आणि एकटीच हसत बसले. निवडीत मी बोटही घातलं नव्हतं, म्हणून तर जास्त आनंद. दादाला कळवलं नाही, वहिनीला नाही. म्हटलं, स्टेजवरून तुझं तोंड बघायचं.

आणि काय बघितलं? चित्रकलेच्या सरांना पडसं झालेलं, तरी माइक त्यांच्याच हातात. त्यांनी अकरा म्हटलं, चौसष्ट म्हटलं, तुझं नाव घेतलं आणि शाळेचं नाव शिंकेत गेलं. मी तिसऱ्या रांगेत पाहिलं तर तू खाली वाकून बुटाची नाडी बांधत होतीस. टाळ्या सुरू झाल्या आणि विरल्या. सरांनी पुन्हा नाव घेतलं, या वेळी नुसतं नाव. तेवढ्यात पार मागून एक उंच मुलगी उठली आणि तरातरा चालत वर आली. दगडखाणीजवळच्या शाळेची, तीही नववीतलीच, नाव तुझंच. ती माझ्यासमोर उभी राहिली, माझ्या हातात पदक. मी तुझ्याकडे बघितलं. आता तू नाडी सोडून सरळ माझ्याकडे बघत होतीस, आणि तू मान हलवलीस. नाही म्हणून. एवढीशीच, पण मला कळली. मी पदक त्या मुलीच्या गळ्यात घातलं.

त्या दिवशी मला इतका राग आला होता म्हणून सांगू! पोरीने रक्त आटवून गुण मिळवले आणि घ्यायला उठेना, एवढा कशाचा ताठा? घरी येऊन भांडी आपटली. दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला आणि तिने तुझं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, की आत्याला सांग, प्रगतीचं बक्षीस म्हणजे आपण आधी ढ होतो याचा टाळ्या वाजवून दिलेला दाखला. वाक्य झकास आहे गं, घुमे. महिन्याभरात एकदाच बोलतेस, पण काय बोलतेस! मी मात्र तेव्हा फोनवर म्हटलं, फार शहाणी झालीय, आणि ठेवून दिला.

पण वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून पहिल्या वर्षी हे बक्षीस ज्याला दिलं होतं त्या मुलाला गाठलं. बारावीत आहे आता, शाळा सुटली की वडिलांच्या चपलांच्या दुकानात बसतो. मला बघून उठून उभा राहिला, स्टूल पुढे केलं, पायाचं माप घ्यायला निघाला. मी म्हटलं, चपला राहू दे, त्या पदकाचं काय झालं ते सांग. तो हसला. म्हणाला, बाई, पदक चांगलं होतं, घरी आहे. फक्त पोरं पुढे वर्षभर मला ‘प्रगती’ म्हणत होती. ए प्रगती, वही दे. ए प्रगती, डबा आणलास का. एकदा तर हजेरी घेताना सरांच्याही तोंडून निघून गेलं. मी तिथे खो खो हसले, तोही हसला. घरी येईपर्यंत माझं हसू पार गेलं होतं. पंधरा वर्षांच्या मुलाला वर्षभर मुलीच्या नावाने हाक मारतात, ती मी बहाल केलेल्या नावाने, आणि मी दर सहामाहीला पुस्तिकेत लिहिते की उपक्रमाला उत्तम प्रतिसाद. पहिल्या नंबरवाल्याला कुणी विचारत नाही की बाबा, तू आधी कुठे होतास. तुम्हाला मात्र आधीचा आकडा कपाळावर लावून वर यायला सांगितलं आम्ही. तू नाडी का बांधत होतीस ते मला त्या दुकानातून परतताना कळलं, आणि फार वाईट वाटलं. तुझा अभिमान वाटतो मला, इतका वाटतो की तो तुला कुठे टोचत असेल हे बघायचं राहूनच गेलं.

इकडे मंडळाचे सचिव माझ्या मागे लागले होते. चूक झाली आहे, पदक परत मागवू, छोटासा कार्यक्रम करून योग्य विद्यार्थिनीला देऊ. कार्यक्रम म्हटल्यावर मी त्यांना तिथेच अडवलं. म्हटलं, थांबा, मी स्वतः जाऊन घेऊन येते. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी दगडखाणीच्या शाळेत गेले. ती मुलगी मला मागच्या पायऱ्यांवर भेटली, पाव खात होती. तुझ्याच नावाची, पण तोंडाला कुलूप म्हणून नाही. मी काही बोलायच्या आत तिनेच सुरू केलं. म्हणाली, बाई, एक विचारू? माझी प्रगती नक्की झाली कशात? पदकावर तसं कोरलंय, पण गणितात तर माझे दोन गुण उतरलेत. कार्यक्रमात ती शेजारणीशी गप्पा मारत होती, आकडे तिने ऐकलेच नव्हते. पहिल्यांदा नाव आलं तेव्हा तिला वाटलं दुसरी कुणी असेल. दुसऱ्यांदाही कुणी उठेना, सर बिचारे कागद धरून ताटकळले, तेव्हा आपलं नाव असं वाया चाललेलं तिला बघवेना, म्हणून उठली. आता यावर काय रागवायचं, तूच सांग.

मी तिला खरं काय ते सांगितलं. तिचं तोंड उतरलं, एवढंसं झालं. मग तिने विचारलं, पण ती का नाही उठली? तेही सांगितलं, तुझं वाक्यसुद्धा. तू रागावशील, पण सांगितलं. अकरा ऐकून ती हसेल अशी मला धास्ती होती. ती हसली नाही. पाव तसाच हातात धरून तिने विचारलं, चौसष्टावर यायला ती मागे कुठपर्यंत गेली? हा प्रश्न इतक्या वर्षांत आमच्या समितीत कुणी विचारला नव्हता, मीही नाही. मी म्हटलं, पाचवीपर्यंत. पाचवीची पुस्तकं मागवून घेतली आणि नकाशांच्या पुस्तकात लपवून पहिल्या पानापासून सोडवली. वहिनीने मला हे सांगितलंय, तिच्यावर चिडू नकोस.

त्यावर त्या बडबडीने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. म्हणाली, बाई, मला सत्तर पडतात, पण अपूर्णांकाने भागताना तो उलटा करून गुणायचा का, हे मला अजून कळलेलं नाही. उलटा कर म्हणतात, मी करते, उत्तर बरोबर येतं. आता विचारायची लाज वाटते, सत्तर मिळवणारीने असलं विचारायचं कसं? आता गंमत ऐक. ते मलाही येत नाही! तीस वर्षं भाषा शिकवली, इतक्या शाळांची प्रमुख झाले, आणि आयुष्यभर मीही मुकाट्याने उलटंच करत आले. मला आठवलं ते वहिनीचं गाऱ्हाणं, की शिवायला घेतलेल्या गिऱ्हाइकाच्या झग्याला आणलेली तीन मीटर लेस तू अर्ध्या अर्ध्या मीटरला कापून ठेवलीस आणि वर म्हणालीस, बघ, तिनाला अर्ध्याने भागलं की सहा का येतात ते. वहिनीने तुला धपाटा घातला म्हणे. मी तेवढंच त्या मुलीला सांगितलं. तिने बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, अय्या, म्हणजे तुकडे मोजायचे! पुढचं मात्र मला सांगता येईना. दोन तृतीयांशाने भागायचं झालं तर लेस कशी कापायची ते मला काय माहीत?

मी पदक आणायला गेले होते आणि हात हलवत परत आले. ते तिच्याकडेच आहे, जपून ठेवीन म्हणाली. सचिवांना मी बघून घेईन, ती मोठ्याने आकडे वाचायची पद्धतही यापुढे बंद. गणित ठेवायचं की सोडायचं ते तुझं तू ठरव, मी त्यात नाक खुपसणार नाही, आणि हे पत्र त्यासाठी नाहीच. मी एक निरोप आणलाय, तो पोचवायचा राहिलाय. निघताना ती गाडीपर्यंत आली आणि म्हणाली, तिला सांगा, मला कुणाची शिकवणी नको. ज्यांना पहिल्यापासून येतं ते सांगतात ते मला कळत नाही. जिला येत नव्हतं आणि मग आलं, तिच्याकडून मला शिकायचंय. सुट्टीत मी घरीच आहे, येईल का ती? मी म्हटलं, मला कसं सांगता येईल? तर म्हणाली, मग विचारा की तिला. म्हणून विचारते. येशील का गं?

तुझीच, आणि या खेपेला नुसती निरोप्या,
आत्या